एस्टीम १.३: टिकाऊपणा न गमावता वीस घोडे वाढवता येतील का?

मालाडकर_अभि

नमस्कार मंडळी,

घरी २००४ची एस्टीम व्हीएक्सआय आहे. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय, कागदावर ८५ बीएचपी. बाबांनी घेतली, त्यांनीच चालवली, आता माझ्या ताब्यात आली आहे. इंजिन आजवर उघडलेलं नाही. ऑफिसला मी लोकलने जातो आणि घरकामाला दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही आता निव्वळ हौसेची.

माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची हलकी स्पोर्ट्स कार आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही, आणि लोटसचं नाव काढण्यात अर्थ नाही. आपल्यासारख्यांना परवडणारी हलकी, चपळ गाडी म्हणजे एस्टीमच, असं माझं ठाम मत आहे. जेमतेम पावणेनऊशे किलो वजन आणि मोकळेपणाने फिरणारं इंजिन. त्यात शंभर-एकशे पाच बीएचपी झाले तर आणखी काही नको.

पण अटी आहेत. एसी काढायचा नाही. पीयूसीत अडकायचं नाही. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू झाली पाहिजे, आणि सायनच्या सिग्नलला वीस मिनिटं उभं राहून तापली नाही पाहिजे. वापर म्हणाल तर रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत, आणि कुठे ऑटोक्रॉस असला तर तिथे.

तीन ठिकाणी विचारलं. एकाने उघडा कोन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लावून 'पंधरा घोडे नक्की' सांगितले. दुसरा म्हणतो जुन्या बलेनोचं १.६ इंजिन टाका. तिसरा टर्बोवर अडून बसला आहे. तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. इथे इंजिनं उघडून पाहिलेले लोक आहेत म्हणून विचारतो.

स्विफ्टवाला_नाहूर

वाचतोय. माझी पहिली स्विफ्ट १.३ आहे, इंजिनाचं घराणं तेच. उत्तरं मलाही हवी आहेत.

फिटर_लालबाग

अभि, आधी आकडा मनात पक्का कर. ८५चे १०५ म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के वाढ. मूळचे क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा), रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा), पिस्टन ठेवून, टर्बोशिवाय, एसीसकट, रस्त्यावरच्या गाडीत एवढी वाढ टिकेल असं मी तरी लिहून देणार नाही. पंचाण्णवपर्यंत निर्धास्त जाता येतं. आणि त्यातले निम्मे तुझ्या इंजिनात आजही आहेत, मुंबईच्या गर्मीत ते बाहेर पडत नाहीत एवढंच.

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. ती वाढवायचे मार्ग मोजके: इंजिन मोठं करा, दर फेऱ्याला जास्त हवा भरा, किंवा फेरे वाढवा. गॅरेजवाल्यांना फेरे वाढवणं सोपं वाटतं, कारण त्यात सुटे भाग लागत नाहीत, रेव्ह लिमिट, म्हणजे कॉम्प्युटरने घातलेली फेऱ्यांची मर्यादा, वर सरकवली की झालं. पण सगळ्यात महाग सौदा तोच आहे. पिस्टन आणि रॉडवर येणारा ओढीचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. सहा हजारांवरून सात हजारांवर गेलास तर फेरे सतरा टक्के वाढतात, जोर छत्तीस टक्के. आणि सगळ्यात वाईट क्षण स्फोटाचा नसतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो, त्याला खाली दाबायला गॅसचा दाब नसतो, आणि क्रँक त्याला मागे खेचतो. तेव्हा सगळा ताण रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. इंजिन फुटलं की लोक पिस्टनकडे बोट दाखवतात. मी उघडलेल्या बऱ्याच इंजिनांत सुरुवात बोल्टापासून झालेली होती.

तुझ्या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी. सहा हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.१ मीटर पडतो, सात हजारांवर १७.६. बलेनोच्या १.६चा स्ट्रोक ९० मिमी आहे, तिथे सहा हजारांनाच १८ मीटर होतात. म्हणून १.६ टाकणाऱ्याने टॉर्कसाठी टाकावं. ते पळवायचं इंजिन नाही. छोटं १.३ ज्या आनंदाने वर चढतं तो त्यात मिळत नाही.

आता गर्मी. पंचवीस अंशांची हवा आणि पंचेचाळीस अंशांची हवा यांच्या घनतेत सहा टक्क्यांचा फरक असतो. ताकदही जवळपास त्याच प्रमाणात पडते. म्हणजे ८५तले पाच घोडे. हा उघडा कोन फिल्टर बॉनेटच्या आत, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी बसतो आणि तिथलीच भाजकी हवा ओढतो. आवाज मोठा येतो म्हणून गाडी पळाल्यासारखी वाटते. कंपनीचा डबा ठेव. त्याच्या झाकणाच्या क्लिपा तुटल्या आहेत का, रबरी गळा चिरलाय का ते बघ. वीस वर्षांच्या गाडीत हमखास चिरलेला असतो. कागदी फिल्टर नवा घाल, आणि डब्याचं नाक ग्रिलमागच्या थंड हवेत जातंय याची खात्री कर. हे काही शे रुपयांचं काम आहे.

दुसरं, बॉनेट उघड आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का ते बघ. मला शंका आहे की नसेल. आपल्याकडे गाडी एकदा तापली की मिस्त्री पहिलं काम थर्मोस्टॅट काढून टाकण्याचं करतो. 'मुंबईत लागत नाही' म्हणतो. मग इंजिन मोकळ्या रस्त्यावर कायम अर्धगार चालतं, तेल नीट गरम होत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त ओततो. रिंगा आणि बोअर झिजतात ते असे. नवा थर्मोस्टॅट, नवी रेडिएटर कॅप, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट. एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत साचलेली माती मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धू. एवढं केल्यावर सायनच्या सिग्नलची तुझी अट पूर्ण होते, आणि पुढचं सगळं यावर उभं राहतं.

पण त्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो आणि भरलेली हवा किती गळते याच्या चाचण्या. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर वाढीव ताकदीचा विषय तिथेच थांबवायचा, आधी दुरुस्ती.

हेडबद्दल, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाबद्दल, रात्री लिहितो.

मालाडकर_अभि

काका, आत्ताच खाली जाऊन आलो. थर्मोस्टॅटचं हाउसिंग आहे, आत काही नाही! फॅनचं आवरणही अर्धं तुटलेलं आहे.

स्विफ्टवाला_नाहूर

फिटरकाकांना साष्टांग. माझाही बघतो.

कॅलिब्रेशन_अवनी

फिटरकाकांशी पूर्ण सहमत. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्येच काम करते, म्हणून पेट्रोलबद्दल लिहिते. या चर्चेत तो विषय हमखास सुटतो.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तुमची गाडी २००४ची. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. ई-२०ला ती १३.५च्या आसपास पुरते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन आहे. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं.

हळू चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पण अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की जुना कॉम्प्युटर त्या सेन्सरचं ऐकत नाही, आधी साठवलेल्या तक्त्यातून वाचून तेवढं इंधन देतो. तक्ता बनवताना पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवेचं प्रमाण; १ म्हणजे अचूक, त्याखाली इंधन जास्त) ०.८५ धरला असेल, तर ई-२०वर तोच ०.९२च्या वर जातो. म्हणजे मिश्रण विरळ. साध्या चालवण्यात जाणवणार नाही, पण घाटात तिसऱ्या गिअरला लांब खेचलीत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त तापतात. ताकद वाढवण्यासाठी जास्त हवा आत घ्याल आणि इंधन आहे तेवढंच ठेवाल, तर हे अंतर आणखी वाढेल.

दुसऱ्या बाजूने इथेनॉलचा फायदाही आहे. बाष्पीभवनाला ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा गार होते. ऑक्टेनही वाढतो. इग्निशन थोडं पुढे नेता येतं, म्हणजे ठिणगी लवकर देता येते, नॉकिंग (मिश्रण आपोआप फुटणं) न होता. ऊर्जा मात्र लीटरमागे सहा-सात टक्क्यांनी कमी असते, म्हणून अॅव्हरेज घटणारच.

त्यामुळे माझा क्रम असा: वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) बसवा, पूर्ण थ्रॉटलला मिश्रण काय येतंय ते आधी नोंदवा. तोपर्यंत मॅनिफोल्ड, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेड यातलं काहीही विकत घेऊ नका. इंधनाच्या नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या बदलून घ्या. जुन्या नळ्या आतून सुटायला लागतात आणि कण इंजेक्टरमध्ये अडकतात. एक इंजेक्टर अर्धा तुंबला तर सरासरी मिश्रण ठीक दिसतं आणि तो एकच सिलिंडर जळतो.

आणि डायनोबद्दल, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राबद्दल, एक विनंती. एका डायनोचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका. चाकांवर मोजलेला आकडा आणि इंजिनचा आकडा वेगळे. त्यात हवामानाची दुरुस्ती कोणत्या मानकाने केली त्यावर चार टक्के इकडेतिकडे होतात. आपल्या जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा हवेतली जवळजवळ चार टक्के जागा वाफेनेच अडवलेली असते. डिसेंबरात मोजून 'वाढ झाली' असं सांगणारे खूप भेटतील. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर असं मोजलं तरच विश्वास ठेवा.

ध्रुव_टर्बो

सगळे एवढे घाबरता का कळत नाही. कमी बूस्टचा (जास्तीच्या हवेच्या दाबाचा) छोटा टर्बो, चार-पाच पीएसआय, आणि १०५ काय ११५ पण येतील. फेरे वाढवायची गरजच नाही, मग रॉडच्या बोल्टांचा प्रश्नच कुठे? टॉर्क खालून मिळतो. माझ्या ओळखीत अशा गाड्या पळतायत.

फिटर_लालबाग

ध्रुव, तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. बोल्टांपुरता तुझा मुद्दा बरोबर आहे. पण अभिच्या अटी बघ. टर्बो बसवलास की बॉनेटच्या आत आणखी एक भट्टी आली, तिच्यापुढे एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि आता इंटरकूलर, सगळे एकाच ग्रिलमागे एकाच हवेवर. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ती हवा चालत नसते. मूळ कॉम्प्रेशन टर्बोसाठी ठरवलेलं नाही, आपली गर्मी, आणि ऑक्टेन पंपागणिक वेगळा लागला तर नॉकिंग एका उन्हाळी दुपारी पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तोडून ठेवतं. नॉक सेन्सर नसलेल्या इंजिनात ते कळतही नाही, कारण पूर्ण थ्रॉटलला आवाज ऐकू येत नाही. ओतीव पिस्टनऐवजी घडीव म्हणजे फोर्ज्ड, वेगळं कॉम्प्रेशन, ऑइल कूलर, पूर्ण नवा कॉम्प्युटर, हे सगळं केलंस तर टर्बो टिकतो. तेवढा खर्च एस्टीमच्या किमतीच्या किती पट होईल ते तूच सांग.

ध्रुव_टर्बो

गर्मीचा मुद्दा मान्य. ट्रॅकवर ट्रेलरने नेणाऱ्यांसाठी मी अजूनही टर्बोच सुचवेन. रोजच्या रस्त्यासाठी नाही.

सातारकर_इंजिनिअर

कारखाने ही गोष्ट कशी करतात याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं अलीकडचं उदाहरण म्हणजे धाग्यात वर आलेली एमएक्स-५च.

सध्याच्या पिढीच्या २.० लीटर इंजिनाला माझदाने २०१८ साली १६०वरून १८४ पीएसवर (मेट्रिक घोड्यांवर) नेलं. युरोपच्या आकड्यांत टॉर्क २००चा फक्त २०५ न्यूटन-मीटर झाला. म्हणजे खालून काही फार मिळालं नाही. रेव्ह लिमिट ६८००वरून ७५००वर नेली आणि टॉर्क वरपर्यंत टिकवला. पण तेवढ्या सातशे फेऱ्यांसाठी काय काय बदललं बघा: पिस्टन प्रत्येकी २७ ग्रॅमने हलका, कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका, व्हॉल्व्ह मोठे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जास्त कडक, थ्रॉटल बॉडी मोठी, इंजेक्शनचा दाब वाढवलेला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवं. फिटरकाका वर्गाचं जे गणित सांगत होते तेच. फेरे वाढवायचे तर आधी वजन कमी करा, मगच लिमिट सरकवा. ज्या कंपनीकडे डझनांनी इंजिनं टेस्टबेडवर जाळायची सोय आहे ती असं करते. आपण लिमिट आधी सरकवतो.

उलट उदाहरण रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाचं. १९९६ची पहिली लोटस एलिस याच १.८ इंजिनावर आली. सव्वासातशे किलोच्या आसपासची गाडी आणि १२० पीएस, त्यामुळे तिला ताकद कमी पडलीच नाही. बदनामी झाली ती हेड गॅस्केटची. लांबलचक बोल्टांनी हेडपासून खालच्या चौकटीपर्यंत सगळं इंजिन एकत्र आवळलेलं, कूलंट कमी, आणि थर्मोस्टॅट पाणी आत जाण्याच्या बाजूला. तो उघडला की तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी घुसायचं. काही इंजिनांत हेड जागेवर बसवणाऱ्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या. पुढे अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट आणि स्टीलच्या खुंट्या आल्या, तेव्हा लोकांनी याच इंजिनातून खूप जास्त ताकद काढली आणि ती टिकलीही. २००४पासून एलिसमध्ये टोयोटाचं १.८ आलं, ते १८९ बीएचपीचं. तिथे ट्रॅकवरच्या लोकांना गॅस्केटऐवजी लांब वळणांवर तेल एका बाजूला जाऊन पंपाचं तोंड उघडं पडण्याची काळजी लागली, म्हणून संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) आडव्या पट्ट्या बसवल्या जातात.

दोन्हींत इंजिनचा कच्चा दुवा वेगळा आहे. अभि, तुमच्या इंजिनचा कच्चा दुवा आधी शोधा.

फिटर_लालबाग

सातारकर, फार छान सांगितलंत. या १.३चा कच्चा दुवा मला विचाराल तर त्याचं वय आहे. इंजिन दणकट आहे. आपल्या एलजीबी फॉर्म्युला ४च्या सिंगल-सीटर गाड्यांत स्विफ्टचं १.३च बसवलेलं असतं, ते उगाच नाही.

आता हेड. ताकद आणि टिकाऊपणा दोन्ही एकाच वेळी वाढवणारं काम या इंजिनात मला एकच माहीत आहे, ते म्हणजे हेड नीट बसवणं, म्हणजे त्यातले व्हॉल्व्ह सीटवर अचूक टेकतील असं करणं. बाकी सगळ्यात एक देऊन एक घ्यावं लागतं.

लोक पोर्ट घासून मोठे करतात, आरशासारखे चकचकीत करतात. त्याची गरज नाही. पोर्ट मोठा केला की खालच्या फेऱ्यांना हवेचा वेग पडतो, गाडी सिग्नलवरून सुस्त निघते. हवा अडते ती पोर्ट व्हॉल्व्हकडे वळतो त्या आतल्या कोपऱ्यात, आणि सीटच्या कडेवर. तिथे वीस वर्षांचा कार्बन असतो आणि झिजलेली रुंद सीट. सीट तीन कोनांत कापायची: वर ३०, मध्ये ४५, खाली ६०. मधली ४५ची पट्टी, जिथे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष टेकतो, ती इनलेटला साधारण एक-सव्वा मिलिमीटर आणि एक्झॉस्टला दीड. एक्झॉस्टला जास्त का, तर लाल झालेल्या व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जायला सीट हाच मुख्य रस्ता. रेसिंगच्या नादात एक्झॉस्टची सीटही बारीक केली की दोन घोडे मिळतात आणि व्हॉल्व्ह जळतो.

मशीन शॉपवाल्याने काम चांगलं केलं की नाही हे ओळखायला त्याच्यासमोर उभं राहायचं. व्हॉल्व्हच्या तोंडावर निळी शाई बोटाने अगदी पातळ फिरवायची, व्हॉल्व्ह सीटवर ठेवून एकदा टेकवायचा, पाव वळसा द्यायचा, उचलायचा. सीटवर निळी रेघ सलग गोल आली पाहिजे, सगळीकडे सारख्या रुंदीची. एका बाजूला रेघ जाड आणि समोर तुटलेली दिसली तर सीट तिरकी आहे किंवा गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलंय. तिरक्या सीटवर व्हॉल्व्ह दर वेळी टेकताना किंचित वाकतो, सहा हजारांवर मिनिटाला तीन हजार वेळा. अशा हेडला गॅरेजवाला नुसतं लॅपिंग पावडर घासून देतो आणि पेट्रोल ओतून गळत नाही म्हणून दाखवतो. गळणार नाहीच. पण रेघ खोटं बोलत नाही.

कॉम्प्रेशन वाढवायला हेड फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून, देतो असं कुणी म्हणेल. ९.५चं १०.५ केलं तर पुस्तकी हिशेबानेही पावणेतीन टक्केच मिळतात, आणि नॉकिंगचा धोका वाढतो. सपाट करण्यापुरतंच फेस मार. आणि लक्षात ठेव, हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टच्या गाडीत कॅम टायमिंग मागे पडतं. अर्धा मिलिमीटर काढला तर क्रँकवर साधारण एक अंश. म्हणून अॅडजस्ट होणारी कॅम पुली घे, ती या कामासाठी खरी उपयोगाची.

एक्झॉस्टला ४-२-१ हेडर (चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक होते तो) घे. ४-१ वरच्या टोकाला थोडं जास्त देतो, पण मधला टॉर्क खातो, आणि आपण मधल्या फेऱ्यांतच जगतो. कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नकोस. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तो थंड, बॉशमध्ये उलटं, गोंधळ करू नकोस. तेल १०डब्ल्यू-४० सिंथेटिक, आणि डॅशबोर्डवर दिवा नव्हे, तेलाच्या दाबाचं खरं मीटर. हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हा जुना अंदाज अजून चालतो.

एवढ्यात पंचाण्णवच्या आसपास येशील.

विमा_आणि_कायदा

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. एक गंभीर सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं. बलेनोचं १.६ टाकलंत तर इंजिन क्रमांक आणि क्षमता दोन्ही आरसीशी जुळणार नाहीत. न जाहीर केलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडू शकतो. हेड नीट बसवणं, थर्मोस्टॅट, नळ्या ही दुरुस्ती झाली. हेडर, कॅम, कॉम्प्युटर या बाबतीत आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीला लेखी विचारा. केवळ स्पर्धेसाठी गाडी ठेवणार असाल तर ती ट्रेलरवरून न्यावी.

तसंही अटल सेतूवर कमाल वेग १०० आहे. ताकद जिथे वापरायची ती जागा सार्वजनिक रस्ता नाही.

वजनकाटा

कुणी वजनाबद्दल बोललंच नाही! ८५ बीएचपी भागिले पावणेनऊशे किलो म्हणजे टनाला ९७. पन्नास किलो काढले तर टनाला १०३. हे जवळपास पाच बीएचपी वाढवल्यासारखंच, आणि इंजिनवर काडीचाही जास्त ताण नाही. ब्रेक आणि टायरवरचा ताण उलट कमी होतो. डिकीतला सबवूफर आणि अॅम्प्लिफायर, जाड मॅटिंग, लोखंडी गार्ड, जड मोठे अॅलॉय, इथून सुरुवात करा. चाकातला एक किलो हा गाडीतल्या एका किलोपेक्षा जास्त जाणवतो.

मालाडकर_अभि

वजनकाटा, डिकीत सबवूफर आहे. उद्याच काढतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: १०५चा हट्ट सोडला. आधी लीक-डाउन, मग थर्मोस्टॅट, रेडिएटर, फॅनचं आवरण, इंधनाच्या नळ्या आणि इंजेक्टर. अवनीताई, वाइडबँड याच टप्प्यात बसवतो, म्हणजे आधीची नोंद राहील. आकडे नीट आले की हेड. हेडर आणि पुलीचं कायद्याचं विचारून मग. टर्बो आणि १.६ बाद.

एक शेवटचा प्रश्न. हवेच्या डब्याचं नाक ग्रिलच्या खाली बंपरमध्ये, अगदी थंड हवेत उतरवलं तर?

कॅलिब्रेशन_अवनी

मेपर्यंत चालेल. जूनपासून नको. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही एकदा नाकापर्यंत पाणी आलं की संपलं. तुमच्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ३२५ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ धरलं तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा जेमतेम ३८ सीसी. त्याहून जास्त पाणी आत गेलं तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, आणि पाणी दबत नाही. रॉड वाकतो. कधी कधी गाडी पाणी काढून पुन्हा चालूही होते, आणि वाकलेला रॉड नंतर कधीतरी ब्लॉकमधून बाहेर येतो. कंपनीने नाक वर ठेवलंय ते उगाच नाही. मी तरी तिथेच ठेवेन.

मालाडकर_अभि

नाक जिथे आहे तिथेच. काका, हेड बसवल्यावर रनिंग-इन लागेल का?

फिटर_लालबाग

रिंगा बदलल्या नाहीस तर लांबलचक रनिंग-इन नाही. हेड बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळून घे, अंदाजाने नाही. टॉर्क रेंच आहे का ते आधी विचार, नसेल तर तिथे हेड देऊच नकोस. हेड उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदल, मजुरी पुन्हा लागत नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत जागेवर उभी ठेव, मग रात्रभर गार होऊ दे. सकाळी कॅप उघडून कूलंट बघ, पातळी उतरली असेल तर भर. तेलाची कांडी काढ, त्यावर दुधाळ थर दिसला तर गाडी हलवू नकोस, मला इथे लिही. पहिलं तेल लवकर बदल, हेडच्या कामातले बारीक कण त्यात असतात. टॅपेट पुन्हा एकदा थंड इंजिनला तपासून घे.

लीक-डाउनचे आकडे आले की टाक. चारही सिलिंडरांचे, आणि हवा कुठून निघते ते कान लावून ऐक: तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनलेट, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.